बादलीचा नळ धो-धो चालू होता, तरी मी 14,450 रुपये दिले

लिहायला लाज वाटते. पण मी गप्प बसले तर मला फसवणारा तो प्लंबर उद्या दुसऱ्या कुणाच्या घरात शिरेल.

आम्ही फुलेवाडीत राहतो. वापरायचं पाणी बोअरचं, त्यामुळं नळाला पांढरे क्षार धरणं नेहमीचंच. महिनाभर शॉवरची धार बारीक होत चालली होती. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वाकून बादलीतनं पाणी घेता येत नाही, म्हणून मी घाई केली. नेहमीचे प्लंबर गावाला गेलेले. मोबाईलवर शोधून पहिला दिसला तो नंबर लावला. तो माणूस घरी आला: गळ्यात ओळखपत्र, तोंडात सारखं "वहिनी, वहिनी", आणि पाच मिनिटांत निकाल, "पाईप आतून पूर्ण चोक झालाय."

तिथंच मला कळायला हवं होतं. तो हे बोलत होता तेव्हा शॉवरखालचा बादलीचा नळ धो-धो चालू होता. मीच सोडला होता, त्याला दाखवायला. दोन्हीकडं पाणी एकाच पाईपातनं येतं. पाईप चोक असता तर बादली भरून वाहिली असती का? खालचा नळ जोरात आणि वर धार नाही, म्हणजे दोष डायव्हर्टरमध्ये (पाणी खालच्या नळाकडनं शॉवरकडं वळवणारा भाग) नाहीतर शॉवरमध्ये. त्यानं तर शॉवरला हातसुद्धा लावला नाही! मी अडाणी नाही, घरचा सगळा हिशेब मीच बघते. पण समोरचा ठामपणे सांगतोय, आतनं सासूबाई "झालं का गं?" म्हणून विचारताहेत, अशा वेळी माणूस हो म्हणून जातो.

केमिकल वॉश (अ‍ॅसिडनं पाईप धुणं) 3,200, नवा डायव्हर्टर 2,400, गच्चीवर प्रेशर पंप 8,500, व्हिजिट 350. "वहिनी, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि मी हाक मारेपर्यंत वरच थांबा." वीस मिनिटं मी उन्हात उभी. खाली आले तर डायव्हर्टर बदलून झालेला! जुना पार्ट हातात पडल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

बारा दिवस शॉवर चालला. तेराव्या दिवशी धार पुन्हा दोऱ्यासारखी, आणि पंप सारखा चालू-बंद. आमचे प्लंबर परत आले होते. त्यांनी शॉवर फिरवून काढला, पाणी सोडलं, तर उघड्या पाईपातनं पाणी समोरच्या भिंतीवर. जाळीत क्षारांच्या कपच्या अडकलेल्या, त्यातल्या काही त्या अ‍ॅसिडनंच पाईपातनं सुटून आलेल्या. शॉवर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला, जुन्या टूथब्रशनं घासला. झालं काम. पंप बंद ठेवूनही धार चांगली येते. टाकी शॉवरपेक्षा सहा मीटर उंच आहे, साध्या शॉवरला तेवढा दाब पुरतो. आणि डायव्हर्टर उघडला तर आतला पार्ट आमचा जुनाच!

त्याचा फोन तेव्हापासून बंद.

पोलीस ठाण्यात तीन तास बाकावर बसले. "पैसे तुम्ही स्वतः दिले ना? मग हा कामाचा वाद, ग्राहक आयोगाकडं जा." अर्जाची पोच मागितली तर "साहेब आल्यावर या." साहेब तीन खेपांत भेटले नाहीत. बँकेत गेले, तर "व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय." मला सगळीकडं एकच प्रश्न, "आधी चौकशी का केली नाही?" आणि त्याला? पैसे ज्या नावावर गेले ते ओळखपत्रावरचं नावच नव्हतं, हे मी पुराव्यासकट दाखवत होते, पण कागद हातात घ्यायला कुणी तयार नाही. बायकांनी एकटीनं गेलं की "घरात कुणी पुरुष नाही का?" हेही ऐकायचं.

पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवरही तक्रार नोंदवता येते. पण समोरच्याचा पत्ता हवा. माझ्या बिलावर ना पत्ता, ना शिक्का, नोटीस पाठवायची कुठं? क्यूआर स्कॅन केल्यावर दिसणारं नाव आधी वाचा, मगच पिन टाका.

पंप अजून गच्चीवर आहे. त्याच्यावरचा सिरियल नंबर खरवडलेला निघाला. त्याचाही फोटो काढून तक्रारीला जोडलाय. सोमवारी परत ठाण्यात जाणार आहे.