एअर रायफलला छर्रा कुठला? दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्यानंतर मी स्प्रिंगची एअर रायफल घेतली. नळी बिजागरीत वाकवून भरायची, ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास). तेव्हापासून गोव्यात डिचोलीजवळच्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत जवळपास रोज हात बसवतोय. रायफल कुठली घ्यावी यावर सांगणारे पुष्कळ भेटतात. मला सांगायचंय ते छऱ्याबद्दल, कारण पहिले दोन महिने मी रायफलला दोष देत राहिलो आणि दोष डबीत होता.

आमच्या आजोबांकडे कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. ते गेल्यावर ती पोलिसांत जमा झाली. घरात राहिलं ते दारू मोजायचं शिंगाचं माप, अंगठ्याएवढं. आत एक रेघ कोरलेली आहे. काका सांगतात, आजोबा त्या रेघेच्या वर दारूचा एक दाणा जाऊ देत नसत. माप वाढवलं की आवाज वाढतो, नेम वाढत नाही, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत ठासणीच्या रायफलनं नेमबाजी करणारे आजही नवशिक्याला जवळपास हेच शिकवतात. ०.५० बोअरची रायफल आणि कापडाच्या तुकड्यात बसवलेली गोल गोळी असेल, तर सुरुवात ५० ग्रेनच्या आसपास, म्हणजे बोअरच्या आकड्याइतके ग्रेन (ग्रेन हे दारूचं बारीक माप, एक ग्रेन साधारण ०.०६५ ग्रॅम). दारू काळीच, आधुनिक धूररहित दारू चुकूनही नाही, नळी फुटते. मग कागदावर पाच बार काढायचे, पाच ग्रेन वाढवून पुन्हा पाच, आणि बनवणाऱ्यानं घालून दिलेल्या मर्यादेच्या आत ज्या मापाला गोळ्या सगळ्यात जवळजवळ लागतात तिथे थांबायचं.

माझ्या रायफलीत दारू नाही. स्प्रिंग दट्ट्याला ढकलते, दट्ट्या हवा दाबतो, आणि ते दर वेळी तेवढंच. माझ्या हातात बदलण्यासारखी गोष्ट एकच, छर्रा. मी दारूच्या मापाची रीत छऱ्याला लावली आणि तिथून सगळं सुधारत गेलं.

दुकानदारानं सुरुवातीला टोकदार छर्रे दिले होते. 'हाच घ्या, आरपार जातो.' कागदाच्या आरपार कुठलाही छर्रा जातो, हे तेव्हा सुचलं नाही. १० मीटरवर पाच छर्रे ठेवणीतल्या बशीएवढ्या जागेत विखुरायचे. मी माशी, म्हणजे नेम धरायची खूण, सरकवत राहिलो, स्क्रू पिळत राहिलो. जानेवारीत चार प्रकारच्या डब्या आणल्या: तोच टोकदार, गोल डोक्याचा साधारण ०.५५ ग्रॅमचा, चपट्या डोक्याचा ०.५३ ग्रॅमचा आणि चपट्याच डोक्याचा हलका ०.४५ ग्रॅमचा.

चाचणीची पद्धत सांगतो, कारण निकालापेक्षा ती महत्त्वाची. छर्रा बदलला की पहिले वीस मोजायचे नाहीत. नळीत आधीच्या छऱ्याच्या शिशाचा पातळ थर असतो, नव्याला बसायला वेळ द्यावा लागतो. त्यानंतर पाच-पाचचे दहा कागद. प्रत्येक कागदावर सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजायचं आणि त्यातून ४.५ वजा करायचे, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिळतं. सगळ्यात चांगला कागद पाकिटात घालून मिरवायचा नाही, दहांची सरासरी धरायची. हे सगळं वाळूच्या पिशवीवर हात टेकून, सकाळी, वारा पडलेला असताना.

माझी सरासरी अशी निघाली. टोकदार ३४ मिलिमीटर, गोल डोक्याचा २१, हलका चपटा १९, जड चपटा १३. कल्पना यावी म्हणून सांगतो, १० मीटरच्या निशाणाचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा असतो, नऊचं वर्तुळ ५.५ चं आणि दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर. म्हणजे टोकदार छर्रा काळ्या भागातही धड मावत नव्हता. हलका छर्रा सुटताना कडक वाजतो, वेग जास्त असतो, मनाला बरं वाटतं. पण माझ्या रायफलीला तो मानवला नाही.

चपट्या डोक्याचा आणखी एक गुण आहे. तो कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो, पंचिंग मशीननं पाडल्यासारखं. टोकदार छर्रा कागद फाडतो, कड कुठली तेच कळत नाही. १० मीटरच्या स्पर्धेत सगळे चपटाच वापरतात त्याचं हे एक कारण. अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक जिंकलं ते याच १० मीटरवर, ४.५ मिलिमीटरच्याच छऱ्यानं. रायफल अर्थात वेगळ्या जातीची, कोंडलेल्या हवेवर चालणारी.

आता ज्यानं मला सगळ्यात जास्त शिकवलं ते. माझ्या मेव्हण्यानं हीच रायफल घेतली, त्याच कंपनीची, तेच मॉडेल. मी छातीठोकपणे त्याला जड चपट्याच्या तीन डब्या आणायला लावल्या. त्याच्या रायफलीनं तो अजिबात घेतला नाही. भरतानाच कळत होतं: अंगठ्यानं दाबल्यावर माझ्या नळीत छर्रा जरा अडून, मग एकसारखा आत सरकतो, त्याच्या नळीत तो आपसूक पडायचा. त्याला गोल डोक्याचा लागला, आणि त्याचा ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पसारा, आज माझ्यापेक्षा लहान आहे. तेव्हापासून मी कुणाला अमुकच घ्या असं सांगत नाही. तीन-चार प्रकारची एकेक डबी घ्या, नाहीतर मित्रांकडून साठ-सत्तर छर्रे वाटून घ्या. मेव्हण्याच्या दोन डब्या मी विकत घेतल्या, ती माझी जबाबदारी होती.

छर्रा हातात घेऊन बघायची सवय लावा. कमरेत बारीक, मागे पातळ घेर. बार होताना हाच घेर फुगून नळीच्या आट्यांना, म्हणजे आतल्या पीळदार खाचांना, धरतो, त्यामुळे तो एका बाजूला चेपलेला असेल तर छर्रा वाकडा जाणारच. स्कूटरच्या डिकीत डबी खडखडत वाळपईहून आणली तेव्हा शंभरातले अकरा चेपलेले निघाले. आता डबीच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा घालतो आणि भरण्याआधी मोबाईलच्या उजेडात घेर बघतो.

हाताचंही सांगायलाच हवं. स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, तोही छर्रा नळीत असतानाच. तिला आवळून धरलं की प्रत्येक बारला पकड थोडी वेगळी पडते आणि ग्रुप पसरतो. डावा तळवा उघडा ठेवा, दस्ता नुसता त्यावर टेकू द्या, खांद्याला हलका लावा. पकड बसायच्या आधी छऱ्यांची चाचणी घेऊ नका, तुम्ही छर्रा नाही, स्वतःचा हात मोजत असता. मला यात महिना गेला.

पावसाळा हा आपल्याकडचा खरा परीक्षक. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नळीवर तांबूस ठिपके दिसले. मी घाबरून मशीनचं तेल सगळीकडे सोडलं, थोडं दट्ट्यापर्यंत पोचलं. पुढचा बार फटाक्यासारखा वाजला, नळीतून धूर आला, छर्रा चार बोटं वर लागला. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं तेल पेटतं आणि वेग बेभरवशाचा होतो, शिवाय आतलं सील खराब होतं. ग्रुप पूर्ववत व्हायला पन्नासेक छर्रे लागले. आता तेल फडक्याला लावून फक्त बाहेरून पुसतो. छर्रेही दमट हवेत पांढरे पडतात, म्हणून डब्या घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो.

चिऱ्याच्या भिंतीवर थेट मारू नका. छर्रा उलटून येतो. पहिल्याच आठवड्यात एक माझ्या पायाशी येऊन पडला. मी लाकडी खोक्यात जुनी गोणपाटं ठासून मागे लोखंडी पत्रा लावलाय, आणि चष्मा कायम डोळ्यावर असतो. शिसं आहे, साबणानं हात धुतल्याशिवाय तोंडात काही घालू नये. छर्रा न भरता घोडा ओढू नये, दट्ट्याला हवेची गादी मिळत नाही आणि तो धाडकन आपटतो. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, पण म्हणून ती खेळणं होत नाही. शेजारच्या काकांनी नारळावरची माकडं हाकलायला बोलावलं, मी हात जोडले. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, आणि छऱ्यानं माकड मरत नाही, जखम घेऊन कुजत राहतं. माझ्याच्यानं ते व्हायचं नाही.

सध्या जड चपट्याची पाचवी डबी चालू आहे. डबीवर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो, माझा ४.५० चा. ४.५१ ची एक डबी मागवलीय. चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाहुणे गेले, की पहिले वीस सोडून दहा कागद काढायला बसेन.