वापरात नसलेले क्रेडिट कार्ड: बंद करावे की ठेवावे?

कपाटात पडून असलेले क्रेडिट कार्ड बंद केले की सिबिल स्कोअर, म्हणजे उधारी फेडण्याच्या सवयीवरून मिळणारे गुण, घसरतो, ही भीती अर्धीच खरी आहे. कार्ड बंद केल्याबद्दल कोणी वेगळे गुण कापत नाही. त्या कार्डासोबत खर्चाची किती मर्यादा आणि किती जुना इतिहास हातचा जातो, त्यावर सारे अवलंबून असते. त्यामुळे दोन-तीन कार्डे असणाऱ्याने त्यांतले नेमके कोणते कमी करायचे हे आधी ठरवावे.

समजा, एखाद्याकडे 1,50,000 आणि 50,000 रुपये मर्यादेची दोन कार्डे आहेत आणि महिन्याचे बिल साधारण 40,000 रुपये येते. एकूण मर्यादेच्या तुलनेत हा वापर 20 टक्के झाला. लहान मर्यादेचे कार्ड बंद केले, तर तो 27 टक्क्यांच्या जवळ जातो, म्हणजे ‘वापर 30 टक्क्यांच्या आत असावा’ या प्रचलित आडाख्यात बसतो. मोठ्या मर्यादेचे बंद केले, तर मात्र तोच खर्च 80 टक्के दिसू लागतो. खर्च एका रुपयाने वाढलेला नसतो, बिलही वेळेवर भरलेले असते, तरी कागदावर तो माणूस उधारीवर जगणारा वाटतो. मोठ्या मर्यादेचे कार्ड काढून टाकणे भागच असेल, तर उरणाऱ्या कार्डाची मर्यादा आधी वाढवून घ्यावी.

इतिहासाची बाजू तितकी तातडीची नाही. बंद केलेले खाते क्रेडिट अहवालातून, म्हणजे आपल्या कर्ज-कार्डांच्या नोंदींच्या उताऱ्यातून, लगेच पुसले जात नाही, त्यावरच्या वेळेवर केलेल्या भरण्याच्या नोंदी पुढे अनेक वर्षे दिसत राहतात. तरीही ते आपले सर्वांत जुने किंवा एकमेव कार्ड असेल आणि त्याला वार्षिक शुल्क नसेल, तर ते ठेवावे, असेच मी सांगेन.

शुल्क असलेले कार्ड नुसते पडून ठेवणे मात्र निरुपद्रवी नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. एका बँकेच्या न वापरलेल्या कार्डावर 499 रुपयांचे वार्षिक शुल्क आणि 18 टक्के जीएसटी मिळून 588.82 रुपयांचे बिल निघाले आणि ते मी केव्हाच सोडलेल्या नोकरीच्या ईमेलवर जात राहिले. पुढे अहवाल काढला, तेव्हा भरण्याच्या महिनावार तक्त्यात ‘000’च्या रांगेत एका चौकोनात ‘030’, म्हणजे 30 दिवसांचा उशीर, उमटलेले होते. वापर वाढल्याने घसरलेला स्कोअर बिल कमी होताच सावरू लागतो. थकबाकीची नोंद मात्र वर्षानुवर्षे तशीच राहते. म्हणून शुल्काचे, कमी मर्यादेचे आणि अलीकडे घेतलेले कार्ड निःसंकोच बंद करावे.

तिसरा मार्गही आहे. बँकेकडे शुल्कमाफी किंवा विनाशुल्क प्रकारात बदल मागावा आणि त्या कार्डावर मोबाइलचे रिचार्ज यांसारखा एखादा लहान खर्च ठेवून बिल खात्यातून आपोआप भरले जाईल, अशी सोय करावी. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार वर्षभराहून अधिक काळ न वापरलेले कार्ड बंद करण्याची प्रक्रिया बँकच सुरू करते आणि सूचनेनंतर 30 दिवसांत उत्तर न दिल्यास, थकबाकी नसेल तर ते बंद होते. जे कार्ड टिकवायचे आहे, ते अधूनमधून वापरावेच लागते.

गृहकर्जाचा अर्ज तोंडावर असेल, तर कर्ज हाती पडेपर्यंत कोणत्याही कार्डाला हात लावू नये, कारण अनेक बँकांत व्याजाचा दरही स्कोअरवर ठरतो.

बंद करायचे ठरल्यास आधी कार्डावरचे मासिक हप्ते फेडावेत, त्याला जोडलेली वीजबिले आणि वर्गण्या दुसरीकडे वळवाव्यात, साठलेले रिवॉर्ड पॉइंट वापरून टाकावेत आणि मगच लेखी विनंती करावी. थकबाकी नसताना बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केले नाही, तर विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी तिला ग्राहकाला 500 रुपये द्यावे लागतात. थकबाकी नसल्याचे पत्र मागून घ्यावे. दीड-दोन महिन्यांनी, प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून (सिबिलसारख्या, या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडून) वर्षातून एकदा मोफत मिळणारा पूर्ण अहवाल काढून खात्यापुढे ‘क्लोज्ड’ असेच लिहिले आहे ना, ते पाहावे. तिथे ‘सेटल्ड’ असेल, तर बँकेने काही रक्कम सोडून दिली असा त्याचा अर्थ होतो आणि पुढचे कर्ज देणारा तेवढ्यावरूनच अर्ज बाजूला ठेवू शकतो; पूर्ण पैसे भरले असतील, तर ती नोंद त्याच आठवड्यात तक्रार करून बदलून घ्यावी.