भाकरीविना डबा: जळगावातील एका डबा सेवेचा महिनाभराचा अनुभव

जळगावात कमी कर्बोदकांचे जेवण घरपोच देणाऱ्या एका सेवेचा डबा मी या हिवाळ्यात महिनाभर लावला होता. त्यातील सर्वांत उत्तम पदार्थ म्हणजे भरीत. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, कांद्याची पात, ठेचलेली मिरची, शेंगदाणे आणि सढळ तेल असे ते अस्सल खान्देशी भरीत असते, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाच्या कळण्याच्या भाकरीऐवजी पनीर किंवा अंडी येतात. ज्वारीच्या पिठात सुमारे ७० टक्के कर्बोदके असतात, त्यामुळे भाकरी वगळणे ओघानेच आले; परंतु तेवढी ऊर्जा तेलातुपातून भरून काढण्याची काळजी येथे घेतली जाते, हे मला फार मोलाचे वाटते, कारण कर्बोदकेही कमी आणि स्निग्धही कमी असे जेवण म्हणजे निव्वळ उपासमार होय.

डब्यासोबतच्या माहितीपत्रकाबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. पहिल्या आठवड्यात माझे वजन दीड किलोने उतरले, आणि पत्रकानुसार ती ‘वितळलेली चरबी’ होती. वास्तविक यकृतात सुमारे १०० आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचा राखीव साठा, साठवलेले असते, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असते, आणि साठा सरला की ते पाणीही निघून जाते. त्यानंतर इन्सुलिनची पातळी खाली राहिल्याने चरबीच्या पेशींतून मेदाम्ले सुटतात; हृदय व स्नायू ती थेट वापरतात, तर यकृत त्यांपासून कीटोन बनवून मेंदूला पुरवते. ‘मेंदूला साखर लागतच नाही’ हे पत्रकातील विधानही चूक आहे. मेंदूला एरवी दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. कीटोन मिळू लागल्यावर ही गरज बरीच घटते, पण संपत नाही. रक्तातील तांबड्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया (मेदाम्ले व कीटोन जाळून ऊर्जा देणारे पेशीतील घटक) नसल्याने त्यांचे तर ग्लुकोजवाचून चालतच नाही. ते ग्लुकोज यकृत अमिनो आम्ले, ग्लिसरॉल आणि लॅक्टेट यांपासून तयार करते.

दर बुधवारी शेवभाजी किंवा पाटोडीचा रस्सा येत असे. चव उत्तम, पण बेसनात निम्म्याहून अधिक कर्बोदके असतात. हे सांगितल्यावर संचालिका ताई म्हणाल्या, “डाळीचंच तर पीठ आहे!” तरीही पुढच्या बुधवारी त्यांनी मेथी आणि अंड्यांचा रस्सा पाठवला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोके दुखू लागले व चक्कर आली. इन्सुलिन घटले की मूत्रपिंडे अधिक सोडियम बाहेर टाकतात. लिंबू-मिठाच्या पाण्याने मला बरे वाटले, पण याची सूचना पत्रकात नाही. त्याहून गंभीर बाब अशी, की नोंदणीच्या अर्जात पत्ता, वेळ आणि तिखटाचे प्रमाण विचारतात, चालू औषधे विचारत नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर अशा जेवणाने धोकादायकरीत्या उतरू शकते, आणि मधुमेहाच्या एसजीएलटी-२ गटातील गोळ्यांबरोबर कीटोॲसिडोसिसचा, म्हणजे कीटोन साचून रक्त घातक प्रमाणात आम्लधर्मी होण्याचा, धोका वाढतो. माझे काका इन्सुलिन घेतात. त्यांनी या डब्याची चौकशी केली, तेव्हा आधी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्या, मगच डबा लावू, असे मी त्यांना सांगितले आहे.