मंडईमागचं किराणा दुकान : माल एक नंबर, फोनवर मात्र ग्रॅममध्ये सांगा

बारा वर्षं महिन्याचं सामान इथूनच भरतेय. इंद्रायणी तांदूळ वासाचा, डाळीत खडा नाही, गूळ ढेपेतून समोर फोडून देतात. घोळ होतो तो फोनवर.

गेल्या शनिवारी शिऱ्यासाठी ऑर्डर दिली : पाव किलो रवा, पाव किलो शेंगदाणे. तासाभराने नवीन मुलगा दारात. हातात किलोभर रवा, किलोभर दाणे आणि पावाच्या दोन लाद्या, अजून गरम. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं, "पाव २, रवा १ कि., दाणे १ कि." दुकानात पाव मिळत नाहीत म्हणून बिचारा बेकरीत रांग लावून आला होता! "काकू, ताजे आहेत," म्हणाला. मला हसू आवरेना. जास्तीचा रवा आणि दाणे मालकांनी विनातक्रार परत घेतले. लाद्या मी ठेवून घेतल्या, रात्री मिसळ केली.

एक चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ढोकळ्यासाठी सोडा मागवला, तर साध्या पुडीत धुण्याचा सोडा आला. पुडीतल्या सोड्याचे दाणे जाडसर लागले म्हणून लक्षात आलं. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, धुण्याचा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो पोटात जाणं वाईट. मालकांना स्पष्ट सांगितलं. आता धुण्याचा सोडा साबणांच्या फळीवर, पुडीवर नाव लिहून असतो.

जमलं तर स्वतः जा. फोनवर "अडीचशे ग्रॅम" म्हणा आणि "खायचा सोडा" असं पूर्ण सांगा.