खोकला-शिंकेला लघवी सुटते त्यासाठी फिजिओ केली, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लिनिकचा अनुभव

लिहू का नको असं महिनाभर चाललं होतं, पण मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझी सहा वर्षं गेली नसती म्हणून लिहितेय. वय ४७, दोन नॉर्मल डिलिव्हरी, दुसऱ्या वेळी बाळ पावणेचार किलोचं होतं आणि टाके बरेच पडले. महाद्वार रोडला आमचं साड्यांचं दुकान आहे, दिवसभर उभं राहायचं, गठ्ठे उचलायचे आणि जवळपास बरं टॉयलेट नाही म्हणून पाणीच कमी प्यायचं. खोकला आला, जोरात हसले, गठ्ठा उचलला की लघवी सुटायची, आधी थेंबभर, नंतर पॅडशिवाय घराबाहेर पडवेना.

गेल्या उन्हाळ्यात चटणी करायला मी आणि जाऊबाई डंकावर गेलो होतो. मिरची कुटायला लागली की शिंका सगळ्यांनाच येतात, मला एकापाठोपाठ सात-आठ आल्या आणि साडी मागून भिजली. सगळ्या बायका जाईपर्यंत मी पोत्यावर बसून राहिले. जाऊबाईंच्या लक्षात आलं, पण वाटेत काही बोलल्या नाहीत. रात्री भांडी घासताना हळूच म्हणाल्या, "मला पण होतंय गं, पाच वर्षं झाली." एका दोरीवर दोघींचे कपडे वाळतात आणि एकमेकींना सांगितलं नव्हतं!

पहिल्या डॉक्टरांनी बघितलंच नाही, "या वयात होतंच, पॅड वापरा" एवढंच. याचा राग मला अजून आहे. दुसऱ्या मॅडमनी लघवी आणि शुगर तपासली, अंग खाली आलंय का बघितलं आणि चिठ्ठीवर पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी लघवी-शौच रोखणारे स्नायू असतात त्यांचे व्यायाम, असं लिहून दिलं. फिजिओ म्हणजे गुडघे नि कंबर एवढंच मला माहीत होतं.

पहिली भेट तासभराची. फिजिओ मॅडम नुसतं विचारत होत्या, लघवीला किती वेळा जाता, रात्री उठता का, शौचाला कुंथावं लागतं का, पाणी किती, चहा किती. तीन दिवस वहीत लिहून आणायला सांगितलं, किती प्यायले, कधी गेले, कधी गळलं आणि त्या वेळी काय करत होते. वही बघूनच मला कळलं की दिवसाला सहा कप चहा आणि पाणी जेमतेम तीन-चार ग्लास. त्यांनी सांगितलं की खोकला-शिंकेला गळणं वेगळं आणि घाई लागून बाथरूमपर्यंत पोचता न येणं वेगळं, काहींना दोन्ही असतं. माझं मुख्य पहिलं, जाऊबाईंचं दुसरं निघालं आणि त्यांचा उपाय थोडा वेगळा चालू आहे, घाई लागली की धावायचं नाही, थांबून स्नायू आवळायचे आणि जायची वेळ हळूहळू लांबवायची.

आतून तपासणीची सगळ्यांना भीती वाटते म्हणून स्पष्ट लिहिते. आधी विचारलं, नको असेल तर नाही करायचं म्हणाल्या, दार आतून लावलं, चादर दिली, ग्लोव्हज घालून एका बोटाने बघितलं. दुखलं नाही. आवळा म्हणाल्या, मी आवळलं, तर कळलं की मी आवळतच नाहीये, उलट खाली जोर देतेय! वर्षभर मोबाईलवर व्हिडिओ बघून केगल (हे खालचे स्नायू आवळायचा व्यायाम) करत होते ते सगळं उलटं. वर लघवी करताना मध्येच धार थांबवायची सवय लावून घेतली होती, तीही त्यांनी बंद केली, त्याने लघवीची पिशवी नीट रिकामी होत नाही म्हणे. शून्य ते पाच अशी ताकद मोजतात, माझी दोन निघाली.

खरा व्यायाम असा, गॅस आणि लघवी दोन्ही एकदम रोखतोय असं आत आणि वर ओढायचं, पोट, मांड्या, ढुंगण सैल आणि श्वास चालू. योगात मूळबंध म्हणतात त्याच्या जवळचं आहे. सुरुवातीला झोपून तीन सेकंद धरायचं आणि तेवढंच पूर्ण सोडायचं, आठ वेळा, दिवसातून तीनदा. नंतर बसून, मग उभं राहून, आता मी आठ सेकंद धरते. सोडणं पण शिकावं लागतं, काही बायकांचे स्नायू आधीच ताठ असतात, त्यांना आधी सैल करायलाच शिकवतात, म्हणून दुसरीचं बघून करू नका. मला सगळ्यात उपयोग झाला तो शिंक यायच्या आधी आवळायच्या सवयीचा. आणि गठ्ठा उचलताना मी श्वास कोंडून उचलायचे, आता आधी आवळते आणि श्वास सोडत उचलते, एवढ्याने दुकानातलं गळणं पहिल्या महिन्यातच कमी झालं.

बाकी फरक लगेच नाही. सहा आठवडे विशेष काही वाटलं नाही आणि मी सोडणार होते, पण मॅडम म्हणाल्या, "ताई, तीन महिने तरी मला द्या." साडेतीन महिने झाले, ताकद चार. यंदा डंकावर शिंका आल्या, साडी कोरडी. सर्दी-खोकला जोरात असेल तेव्हा अजून थोडं गळतं, ते लपवत नाही.

पाचपैकी चार स्टार. पहिली भेट ८०० रुपये, नंतर ५००, मी एकूण नऊ वेळा गेले. एक स्टार कापला तो रिसेप्शनसाठी, भरल्या वेटिंगमध्ये "काय त्रास आहे?" असं मोठ्यानं विचारतात, दोन पुरुष बसलेले होते आणि मी गुडघा सांगितला. मॅडमना बोलले, त्यांनी लिहून द्यायची चिठ्ठी ठेवते म्हटलंय. व्यायामाचा कागद इंग्रजीत होता, मागितल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने मराठीत लिहून दिला, तुम्ही पण मागा. जिना उभा आहे, गुडघेवाल्यांनी सावकाश चढा.

लघवीत रक्त, जळजळ, ताप किंवा लघवी अडकत असेल तर आधी डॉक्टर, मग फिजिओ. जाणार असाल तर सकाळी ११ ची वेळ घ्या, गर्दी नसते आणि वही भरून न्या.