पुलाच्या संगणकीय मॉडेलमध्ये गर्डरची (रस्ता पेलणाऱ्या तुळईची) खोली बदलली, तर पिअर कॅपला (पिअरच्या, म्हणजे खांबाच्या, माथ्यावरच्या आडव्या भागाला) कोण कळवणार?

समजा गर्डर १८०० मिमी खोल आहे. वर २२५चा स्लॅब आणि ६५चा वेअरिंग कोट (रस्त्याचा वरचा थर), खाली बेअरिंग (गर्डर टेकतो तो आधार) आणि पेडेस्टल (त्याखालचा छोटा ओटा) मिळून ३५०. म्हणजे कॅपचा माथा रस्त्याच्या पातळीपासून २४४० मिमी खाली. गर्डर २०००चा केला की कॅप २०० मिमीने आपोआप खाली सरकायला हवी. हा निरोप पोचवायच्या वाटा मुख्यतः तीन.

पहिली, थेट जोडणी: कॅपच्या सूत्रात गर्डरचा पॅरामीटर (बदलता येणारं माप). दोन-तीन भागांपुरती झकास. पुढे मात्र कॅप बघते गर्डरकडे, गर्डर स्पॅनकडे (दोन पिअरमधल्या गाळ्याकडे), स्पॅन पिअरच्या जागेकडे. आणि ती जागा कुणी कॅपच्या रुंदीला बांधली की सूत्र स्वतःभोवतीच फिरायला लागतं.

दुसरी, सगळ्यांसाठी एकच तक्ता. रेव्हिट या मॉडेलिंग सॉफ्टवेअरमधले ग्लोबल पॅरामीटर या जातीचे. ते प्रोजेक्टमध्ये चालतात, फॅमिली एडिटरमध्ये (जिथे सुटे भाग बनवतात) नाही. स्लॅबची जाडी, कोट असल्या सगळीकडे सारख्या मापांना याहून सोपं काही नाही. पण पूल सगळीकडे सारखा कुठे असतो? २.५ टक्के आडवा उतार असला तर मध्यापासून ३ मीटरवरचा गर्डर ७५ मिमी खाली बसतो. तिरक्या पुलात तर गंमतच: गर्डरमधलं काटकोनातलं अंतर ३ मीटर आणि तिरकस कोन ३० अंश असेल, तर कॅपवर तेच अंतर ३.४६४ मीटर भरतं. आकडा जसाच्या तसा लिंक केलात तर बेअरिंगं चुकलीच म्हणून समजा. अशा बदलत्या मापांसाठी ऑलप्लॅन ब्रिजसारखं, अक्षाच्या (पुलाच्या आखणी-रेषेच्या) लांबीवर मूल्य बदलू देणारं सॉफ्टवेअर मला जास्त भावतं.

तिसरी, डायनॅमो किंवा ग्रासहॉपरची स्क्रिप्ट, म्हणजे पडद्यावर खोके तारांनी जोडून बनवलेला प्रोग्रॅम. हवं ते करून देते. पण डायनॅमोतून रेव्हिटमध्ये लिहिलेलं मूल्य म्हणजे नुसता आकडा. स्क्रिप्ट पुन्हा चालवेपर्यंत तो जुनाच राहतो. लिहिणारा टीम सोडून गेला, तर त्या तारांच्या जंजाळात हात घालायला कुणी धजावत नाही.

मी स्थिर मापं तक्त्यात आणि पातळ्या अक्षावर ठेवतो. स्क्रिप्ट नाइलाज झाला तरच.

एखाद्या सॉफ्टवेअरची ट्रायल हातात आली की एकाच स्पॅनचा गर्डर २०००चा करा आणि सामायिक पिअरकडे बघा. कॅपला पायरी पडते, की शेजारच्या १८००च्या गर्डरखालचे पेडेस्टल २०० मिमीने उंच होतात, की गर्डर सरळ कॅपमध्ये घुसतो?