सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन: नऊ महिने वापरल्यानंतर

गाडी पेट्रोल, मॅन्युअल गिअरची. नऊ महिन्यांत साडेअकरा हजार किलोमीटर झाले, त्यातले बरेचसे शहरातल्या गर्दीतले. ऑटो स्टार्ट-स्टॉप हवं म्हणून ही गाडी घेतली नव्हती, ते सोबत आलं. पहिले पंधरा दिवस गाडी चालू केली की आधी ते बटण दाबून बंद करायचो, आणि पुढच्या वेळी चावी फिरवली की ते पुन्हा चालूच असायचं. याचा राग यायचा. नंतर कळलं की अधिकृत चाचणीत गाडीचं मायलेज आणि धूर मोजतात ते हे फीचर चालू असताना, म्हणून कंपन्या दर वेळी ते चालू अवस्थेतच देतात.

मत बदललं ते डाव्या पायामुळे. मॅन्युअल गाडीत न्यूट्रल करून क्लच पूर्ण सोडला तरच इंजिन बंद होतं, आणि क्लचवर पाय ठेवला की लगेच सुरू होतं. म्हणजे बंद करायचं की नाही हे गाडी नाही, आपणच ठरवतो. चौकात वळायला फट शोधत थांबलोय, तर पहिला गिअर टाकून क्लच दाबूनच ठेवायचा, इंजिन बंद पडायचा प्रश्नच नाही. सिग्नल आत्ताच लाल झालाय, तर न्यूट्रल करून पाय काढायचा. हे अंगवळणी पडायला मला तीनेक आठवडे लागले. समोरची गाडी हलायला लागली की पाय आपसूक क्लचवर जातो, आणि गिअर पडेपर्यंत इंजिन चालू झालेलं असतं. ऑटोमॅटिकवाल्यांना हे सगळं ब्रेकच्या दाबावर सांभाळावं लागतं. मित्राच्या गाडीत ब्रेक अलगद धरला की इंजिन चालू राहतं, जोरात दाबला की बंद होतं.

पेट्रोल किती वाचतं? अमेरिकेतल्या अर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीनं मोजून दाखवलंय की दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करून पुन्हा चालू करणं स्वस्त पडतं. छोटं पेट्रोल इंजिन नुसतं उभं राहून तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पितं. माझ्या डिस्प्लेवर एका वाईट दिवसाचा थांबलेला वेळ १४ मिनिटं आला, म्हणजे साधारण दीडशे-दोनशे मिली वाचलं. हायवेवर शून्य. एवढ्यासाठी कोणी गाडी निवडू नये, पण लांबलचक सिग्नलला मिळणारी शांतता मला मनापासून आवडते. शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं.

उन्हाळ्यात मात्र त्रास होतो. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो, त्यामुळे इंजिन थांबलं की ब्लोअर नुसती हवा फेकतो. मिनिटभरात ती हवा दमट होते आणि ओल्या कॉइलचा कुबट वास यायला लागतो. केबिन फार तापली तर गाडी स्वतःहून इंजिन चालू करते, पण माझ्या सहनशक्तीपेक्षा जरा उशिरा. म्हणून कडक उन्हात आणि दोन-दोन फूट सरकणाऱ्या रांगेत मी बटण दाबतोच.

सातव्या महिन्यात फीचर अचानक गायब झालं. सिग्नलला इंजिन चालूच, आणि डॅशबोर्डवर गोल बाणातल्या 'ए'वर काट मारलेली. मला वाटलं बिघाड झाला. तसं नव्हतं. महिनाभर रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरत होती, बॅटरी पुरेशी चार्जच होत नव्हती. इंजिन पुरेसं तापलेलं नसेल किंवा बॅटरी कमी असेल तर ही यंत्रणा स्वतःच मागे सरते. रात्रभर चार्जर लावला, तासभर गाडी पळवली आणि ते परत आलं. त्याच वेळी एका गॅरेजवाल्यानं साधी बॅटरी टाकून देतो, काही फरक पडत नाही, असं सांगितलं. फरक पडतो. या गाड्यांना एजीएम किंवा ईएफबी प्रकारची बॅटरी लागते, कारण इंजिन बंद असताना दिवे, ब्लोअर, म्युझिक सगळा भार तिच्यावर येतो आणि दिवसातून कित्येकदा स्टार्टरही तीच फिरवते. साधी बॅटरी याला लवकर दमते. जुनी सेकंडहँड गाडी घेत असाल तर बॉनेट उघडून बॅटरीवरचं लेबल नक्की वाचा. स्टार्टर घासून जाईल ही भीती मलाही होती, पण या गाड्यांत तो मुळातच जास्त वेळा फिरण्यासाठी मजबूत केलेला असतो.

एक गोष्ट घरच्या सगळ्यांना बजावून सांगितली आहे. मागच्या महिन्यात फाटकापाशी थांबलो, इंजिन शांत झालं, मी बेल्ट काढला आणि दार उघडलं. गाडी जोरात बीप करायला लागली तेव्हा लक्षात आलं की इग्निशन चालूच आहे आणि हँडब्रेक लावलेला नाही. जमीन सपाट होती म्हणून गाडी जागची हलली नाही. तेव्हापासून उतरण्याआधी हँडब्रेक ओढतो, चावी फिरवतो, आणि डॅशबोर्ड पूर्ण काळा झाल्याशिवाय बेल्टला हात लावत नाही.